जाफराबादची तिसरी प्रत

लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. ज्यांनी उभे आयुष्य भाषेची मशागत केली, त्यांच्या रांगेत पन्नाशी ओलांडलेल्या एका नवशिक्या बाईने मध्येच येऊन उभे राहावे, हे मलाही शोभत नाही. वाचकांनी मोठ्या मनाने माफ करावे, आणि पुढचे वाचवले नाही तर खुशाल पान उलटावे. मला मात्र हे कुठेतरी मांडल्याशिवाय चैन पडेनासे झाले आहे. जेवताना उठते, उठून फोनवर जाफराबादचा दिवा हिरवा आहे का ते पाहते, पुन्हा बसते. घरातल्यांनी आता हसणेही सोडून दिले आहे.

माझे शिक्षण वनस्पतिशास्त्राचे. नवीन जालन्यातील एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षे ओल्या कागदावर दाणे मांडले आणि सातव्या-आठव्या दिवशी कोंब मोजले. मग कंपनीचा मेल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची पत्रे ज्या यंत्रात येतात, राहतात आणि जिथून जातात ते यंत्र सांभाळणारे गृहस्थ पुण्याला निघून गेले, आणि मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितले, "मॅडम, तुमच्या नोंदी नीट असतात. सर्व्हर पण तुम्हीच बघा." नाही म्हणणे मला कधीच जमले नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी वहीत तारांची चित्रे काढून, प्रत्येक आज्ञा दोनदा लिहून, ते काम शिकले. जमले असे अजूनही म्हणवत नाही.

व्यवस्था अशी होती. मुख्य यंत्र नवीन जालन्याच्या कार्यालयात. त्याची एक प्रत तीर्थपुरीच्या गोदामात आणि दुसरी जाफराबादच्या प्लँटवर, जिथे बियाणे चाळून, औषध लावून पोत्यांत भरले जाते. मुख्य यंत्र धरून पत्रांच्या एकूण तीन प्रती झाल्या. जालन्यात पत्र आले की पाच मिनिटांत ते इतर दोन्ही ठिकाणी पोहोचे. एका ठिकाणी आग लागली, चोरी झाली, पाणी शिरले, तरी दोन प्रती शिल्लक. ही मांडणी माझ्या आधीच्या गृहस्थांची होती आणि तिचा मला फार आधार वाटे. इतका, की आठवड्याला एकदा सगळी पत्रे वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून ती कपाटात कुलूपबंद ठेवण्याचे जे कंटाळवाणे काम होते, ते मी हळूहळू सोडून दिले. तीन गावांत तीन प्रती असताना चौथी कशाला, असे मी मनाशी म्हटले. कुणाला विचारले नाही.

बियाण्याच्या धंद्यात वाढलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती. आम्ही प्रत्येक लॉटचा, म्हणजे एका खेपेच्या मालाचा, राखीव नमुना मोहोरबंद पिशवीत ठेवतो. शेतात त्याच बियाण्याचे पीक डोलत असले तरी त्याला कुणी राखीव नमुना म्हणत नाही, कारण शेताला जे होईल ते पिकाला होईल. माझ्या तिन्ही प्रती तशा उभ्या पिकासारख्या होत्या. जालन्यात जे लिहिले जाई ते तिन्हीकडे लिहिले जाई. आणि जालन्यात जे पुसले जाई ते तिन्हीकडे पुसले जाई. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. वहीत लिहूनसुद्धा ठेवले होते.

आता पुसले काय, ते सांगते. आमच्याकडे प्लँटवरच्या लोकांची एक रीत होती. पूर्वी प्लँटच्या दाराशी एक जाड वही टांगलेली असे. लॉटबद्दल काही सांगायचे असले की ज्याने त्याने तीत लिहावे आणि पुढच्याने वाचावे. संगणक आल्यावर वही गेली, सवय राहिली. लोक एक सामायिक मेलपेटी उघडत आणि तिच्यातूनच तिलाच पत्र लिहून ठेवत. धाडणारी पेटी तीच, घेणारी पेटी तीच. खाली नाव लिहिले की झाले. मी गेल्या उन्हाळ्यात नवी सामायिक पेटी काढली, जुन्या पेटीतली पत्रे तिच्यात नकलायला लावली आणि नवा पत्ता सगळ्यांना कळवला. निम्मे लोक तरीही जुन्याच पेटीत लिहीत राहिले. ते पाहून मी पावसाळ्यात पुन्हा एकदा नक्कल लावली. ती एका भल्यामोठ्या फोटोपाशी अडकून मध्येच थांबली होती, हे मी पाहिले नाही.

खंडेनवमीला कार्यालय अर्धा दिवस होते. सकाळी यंत्रांची पूजा झाली, सर्व्हरलाही मी दुरूनच कुंकू लावले. सणाच्या साफसफाईचा हात अजून चालू होता आणि डिस्क भरत आल्याची सूचना आठवडाभर माझ्या डोळ्यांपुढे नाचत होती. दुपारी माणसे पांगल्यावर मी जुनी सामायिक पेटी पुसून टाकली. मन एकदम हलके झाले. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यानंतर रविवार.

सोमवारी सकाळी दारात गुणवत्ता अधिकारी उभे होते. तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरातला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. जूनमध्ये सोयाबीनचा एक लॉट गावोगाव गेला आणि उगवलाच नाही. शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. राखीव नमुना तपासला, तोही कमी भरला. आता चौकशी एवढीच होती, की माल कमजोर आहे हे कुणाला माहीत होते आणि कुणी दडवले. पाठवणी विभागाच्या प्रमुखांनी बोट त्यांच्याकडे केले होते.

"मॅडम, मी कळवलंतं," ते म्हणाले. "जूनमध्येच. सामायिक पेटीत. बुधवारी बैठक हाय. तेवढं पत्र काढून द्या, मंग माझं तोंड उजळ हुईल. न्हाईतर गावात कोण म्हणंल, ह्यानंच सडकं बियाणं घरोघर वाटलं. माझ्या चुलत्यानंच पेरलंय ते."

मी नवी पेटी उघडली. जुन्या पेटीतून नकललेली जूनची पत्रे होती, पण पहिल्या आठवड्यापर्यंतच. पुढे थेट नव्या पेटीत लिहिणाऱ्यांचीच पत्रे. तीर्थपुरीची प्रत उघडली. ती मुख्य यंत्रासारखीच आज्ञाधारक, जुन्या पेटीचा मागमूस नाही. कपाटातली शेवटची हार्डडिस्क मार्चमधली निघाली. मी त्यांना इतकेच म्हणाले, "थोडा वेळ द्या." खरे सांगण्याचे धैर्य झाले नाही.

तेव्हा माझे लक्ष पडद्यावरच्या, जाफराबादशी संपर्क तुटल्याच्या लाल खुणेकडे गेले. ती शुक्रवारपासून लाल होती. तिकडे वीज जाते येते, म्हणून मी तिच्याकडे बघणेच सोडले होते. आता वेळ पाहिली: संपर्क तुटला शुक्रवारी सकाळी दहाला. पेटी मी पुसली दुपारी अडीचला.

प्लँटवर फोन लावला. तिथले जुने यंत्रचालक, ज्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात, त्यांनी उचलला.

"मामा, तुमच्याकडचा सर्व्हर बंद आहे का?"

"हाव मॅडम, मीच केल्ता बंद. खंडेनवमी व्हती ना. चाळणी बंद, मोटार बंद, मंग ह्या पेटाऱ्यालाच कामून राबवायचं? पुजून ठेवला. चालू करू का? आत्ता करतो जल्दी."

"नको!" मी आयुष्यात इतक्या मोठ्याने ओरडले नसेन. बाहेर बसलेले गुणवत्ता अधिकारी उठून आत आले. "मामा, बिलकुल हात लावू नका."

"का वो? शॉक मारतो का?"

"शॉक नाही. चालू झाला की तो इकडचे विचारेल आणि त्याच्याकडचेही पुसून टाकेल."

"मंग असा कसा वो तो," मामा म्हणाले, "स्वतःची अक्कल न्हाईच का त्याला?"

ते यंत्र सुरू झाल्याबरोबर आपण होऊन जालन्याकडे ताजी यादी मागत असे. जालन्याने दार लावले तर तीर्थपुरीकडे मागत असे. आधीच्या गृहस्थांनी ही हुशारी करून ठेवली होती. जालन्याचे दार मी लावले. तीर्थपुरीची पत्रे मला वाचता येत, पण तिथले दार लावण्याचा परवलीचा शब्द माझ्याकडे नव्हता आणि गोदामात फोन कुणी उचलत नव्हते. मामांना मी मागची निळी, म्हणजे नेटची, तार काढायला सांगितली.

"मॅडम, हितं चार निळ्या तारा हायेत. एक काढू का चारी काढू? आन् ते बटन बी सामायिक हाय बरं का. त्याच बोर्डावर पाण्याचा फिल्टर हाय. तीन दिसांपासून लोक मला शिव्या देऊन राह्यले, थंड पाणी न्हाई म्हणून."

म्हणजे कुणा तहानलेल्या माणसाने भिंतीवरचे बटण दाबले, की वीज मिळताच ते यंत्र आपोआप जागे होणार. चार तारांतली कुठली काढावी हे मलाही फोनवरून सांगता येईना, आणि चारी ओढल्या तर कुठली कुठे होती हे पुढे कळले नसते. मी म्हटले, "काहीच करू नका. मी येते आहे. तोवर कुणाला त्या खोलीत जाऊ देऊ नका."

"या. मी खुर्ची टाकून दारातच बसतो."

गुणवत्ता अधिकारी म्हणाले, "मी बी येतो." त्यांना नको म्हणण्याला माझ्यापाशी कारण नव्हते.

एसटी भोकरदनपर्यंतच मिळाली. रस्ताभर मी दर दहा मिनिटांनी मामांना फोन करीत होते. एकदा लागला नाही तेव्हा माझ्या नखांनी पर्सची शिवण उसवली. शेजारी गुणवत्ता अधिकारी शांतपणे बसून होते, आणि त्यांची ती शांतता माझ्यावरच्या विश्वासातून आली होती, हे मला सोसवेना. "मी स्पष्ट लिहिलंतं मॅडम," ते दोनदा म्हणाले. "हा लॉट पाठवू नका. बास. चार शब्द."

भोकरदनच्या स्टँडवर जाफराबादची जीप भरेपर्यंत थांबावे लागले. त्यांनी चहा आणला. कप हातात घेतल्यावर मात्र माझ्याने राहवेना. मी सगळे सांगितले: पेटी मीच पुसली, डिस्क काढायचे मीच सोडले, नक्कल पुरी झाली की नाही हे मीच पाहिले नाही. आता तुमचे पत्र उरले असेल तर ते मामांनी पूजेसाठी बंद केलेल्या त्या एका यंत्रात.

त्यांनी चहा संपवला. मग कप चुरगाळून म्हणाले, "म्हंजे मी लिहिलंतं हे तर खरं ना?"

"ते यंत्र पाहिल्यावर कळेल."

"तीन दिसांपासून मला वाटून राह्यलंतं, मी सपनातच लिहिलं का काय. बायकोला बी इचारलं." ते हसले, पण डोळे हसले नाहीत. "चला. जीपवाला हाका मारतोय. तुम्ही पुढं बसा, मागं दाटी हाय."

रागावले असते तर मला सोपे गेले असते.

जीपमध्ये चौदा माणसे होती. चालक प्रत्येक फाट्यावर थांबे. कापसाचे गाठोडे घेतलेल्या एका आजींनी मला विचारले, "बाई, कोण आजारी हाय का? लई घाबऱ्या दिसता." मी हो म्हणाले. त्याहून सोपे उत्तर मला सुचले नाही.

प्लँटवर पोहोचलो तेव्हा मामा खरोखरच दारात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर डबा उघडा. खोलीच्या दाराला त्यांनी नाडीने गाठ मारली होती. "एक जण आल्ता पाणी पाह्यला," त्यांनी अहवाल दिला. "म्हणलं, आत साप निघालाय. बराबर पळाला."

यंत्रावर झेंडूची माळ सुकली होती. बटणावर हळदकुंकू, पुढे फोडलेल्या नारळाची अर्धी कवड, पंख्याच्या जाळीत अडकलेल्या पाकळ्या. मी आधी चारी निळ्या तारा काढल्या आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. मग पाकळ्या चिमट्याने वेचल्या. बटण मामांनीच दाबले, आणि दाबण्याआधी त्याला हात जोडले.

यंत्र उठायला बराच वेळ लागला. जुनी सामायिक पेटी जागेवर होती. आत शिरण्याआधी मी सोबत आणलेल्या दोन हार्डडिस्कवर ती संपूर्ण उतरवली, दोन्ही पुन्हा उघडून पत्रे मोजली, मगच लॉटचा क्रमांक टाकून शोध घेतला. एक पत्र आले. खाली त्यांचे नाव, जूनची तारीख. माल निघाला त्याच्या दोन दिवस आधीची.

"वाचा ना," ते म्हणाले.

मी वाचले. "सादर नमस्कार. सदर लॉटची उगवण किंचित कमी असल्यासारखे वाटते. शक्य झाल्यास पुन्हा एकदा पाहून मग पाठवणीबाबत विचार व्हावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. आपण योग्य तो निर्णय घ्यालच. माझे काही चुकत असल्यास क्षमा असावी."

बाहेर कुणीतरी चाळणी सुरू केली. ते पडद्याजवळ आले आणि बोट ठेवून स्वतः वाचू लागले, एकदा, मग पुन्हा.

"एवढंच हाय?"

"एवढेच."

"पण मी तर... पाठवू नका असं लिहिलंतं." ते मामांकडे वळले. "मामा, तुमच्यासमोरच लिहिलंतं ना मी? काय म्हणलो व्हतो मी तवा?"

"तवा तू म्हणलाता, हे पाठवलं तर लोक जोड्यानं मारतील," मामा म्हणाले. "लई तापल्ता तू. मंग टाइप कराया बसला, अन् टाइप करता करता थंड झाला."

मी तीन छापील प्रती काढल्या आणि आम्ही सहाच्या गाडीने परतलो. वाटेत त्यांनी एकदाच विचारले, "मॅडम, त्यात पाठवू नका असंच म्हणलंय ना? वाचणाराला कळतंय ना?" मी म्हणाले, कळायला हवे. आता वाटते, ते उत्तरही त्यांच्या पत्रासारखेच होते.

बुधवारच्या बैठकीत मी आधी माझी चूक सांगितली. पेटी कशी पुसली गेली, पत्र कुठून मिळाले, ते खरे कसे मानावे, हे कागदावर लिहून नेले होते म्हणून वाचता आले. मोठ्या साहेबांनी डिस्क दर आठवड्याला निघालीच पाहिजे आणि ती दुसऱ्या गावी ठेवलीच पाहिजे असे बजावले. मामांबद्दल एक जण काही बोलू लागला, त्यावर साहेब म्हणाले, "त्यांच्यामुळं तर हे पत्र समोर आलं. त्यांचं नाव सोडा." मग ते पत्र टेबलावरून फिरले.

पाठवणी प्रमुखांनी ते वाचून खाली ठेवले. "कमी असल्यासारखे वाटते. सुचवावेसे वाटते. अहो, मला दिवसातून शंभर गोष्टी वाटतात. मी काय दर वेळी गाड्या उभ्या करू? हे पत्र मी वाचलं असेल तरी विसरलो असेन. यात कळवलंय काय?"

"साहेब," गुणवत्ता अधिकारी उभे राहून म्हणाले, "तुम्ही थोरले. थोरल्या माणसाला पाठवू नका असं हुकूम सोडल्यासारखं कसं लिहावं? आमच्याकडं असंच लिहितात. त्याचा अर्थ थांबा असाच व्हतो."

"तुमच्याकडं होत असंल. पोती काय तुमच्याकडची बोली शिकून येतात?"

दोघे-तिघे हसले. मोठे साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, यंत्राचं झालं. तुम्ही बावीस वर्षं लॅबमध्ये होता. असं पत्र तुम्हाला आलं असतं तर तुम्ही काय समजला असता?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी स्वतः आजवर किती पत्रे याच भाषेत लिहिली असतील, आणि त्यांतली किती कुणी वाचून बाजूला ठेवली असतील, ते मला एकाएकी आठवू लागले. काही पत्रांवर काम थांबले होते. काहींवर नव्हते. माझ्या तोंडून निघाले, "मी फक्त पत्र खरे आहे एवढेच सांगू शकते." मी बसले. समोर ते अजून उभेच होते.

निर्णय अजून झालेला नाही. गुणवत्ता अधिकाऱ्यांना बोलावणे येईपर्यंत घरी थांबायला सांगितले आहे, आणि ते गावी, त्या चुलत्याच्या शेजारच्या घरात राहत आहेत. मोठ्या साहेबांनी काल निरोप पाठवला: पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू, या वेळी तुमचे मत लेखी द्या. मी चार मसुदे केले. चारही जपून ठेवले आहेत, दोन डिस्कवर, दोन गावांत. चारही मसुद्यांत कुठे ना कुठे "असे वाटते" हे शब्द आहेत.

म्हणून ज्यांना हे लोक ओळखीचे नाहीत, ज्यांना कुणाची भीड नाही, त्यांनाच विचारते. माल निघण्याच्या दोन दिवस आधी ते पत्र तुमच्या हाती पडले असते, तर तुम्ही तो माल थांबवला असता का?